आधी बोलणं, मागून फायली

डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले.

"काल ऑफिसात काय दिवे लावलेस?"

"ऑफिसातले फोन नि फायली ज्या डब्यातून जातात ना, त्या नेटवर्कच्या स्विचला वळण लावलं, बाबा. माणसांचं बोलणं आधी सोडायचं, मोठ्या फायली मागून."

"त्या डबड्याला काय कळतंय, बोलणं कुठलं नि फाईल कुठली?"

"मी प्रत्येकावर खूण करून ठेवते ना!"

"माझ्यावर कुठली केलीस? काल किती फोन केले, एक उचलला नाहीस."

"कामात होते हो..."

"म्हणजे मी फायलींच्या रांगेत!"

लेक हसली. तेवढ्यात नर्सने बाबांना ऑपरेशनसाठी आत बोलावलं. उठता उठता त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"तुझा फोन वाजतोय. साहेब असतील."

"वाजू दे. जपून, बाबा, इथे पायरी आहे."