पाठीवर चेन असलेला राक्षस

चेन! पाठीवर चेन होती हो त्याच्या! मानेपासून थेट कमरेपर्यंत, चांगली लखलखीत! आणि हा म्हणे दूरच्या ग्रहावरून पृथ्वी गिळायला आलेला राक्षस! अहो, ज्याला स्वतःचे कपडे काढायला मागून दुसरं कोणीतरी लागतं तो पृथ्वी काय गिळणार? आणि पळत होता कसा, तर बस सुटल्यासारखा, एका हाताने पोट सावरत! सगळं थिएटर खो-खो हसत होतं. हसणारच. आणि मी एकटी ढसाढसा रडत होते... थांबा, असं नका बघू, मी वेडी नाही. घाबरट आहे. या दोन्हीत फरक असतो. म्हणजे असावा. सुरुवातीपासूनच सांगते.

तर मी दचकते. दाराची बेल वाजली की दचकते. मीच माणसाला बोलावलेलं असतं, तो येणार हे मला माहीत असतं, तरी दचकते! पदवी घ्यायला स्टेजवर गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी दचकले आणि प्रमुख पाहुण्यांच्या पायावर पाय दिला. फोटो आहे. पाहुणे कळवळलेत, मी हसतेय. आता अशा पोरीला कुठले सिनेमे दाखवावेत? ससे, फुलपाखरं, फार तर एखादा हत्ती. पण आमचे बाबा! बाबांना वेड एकच, अंतराळातले जुने सिनेमे. उडत्या तबकड्या, पत्र्याची यंत्रमाणसं, दलदलीतून बुडबुडे सोडत वर येणारं कायतरी... आमच्या कोपऱ्यावरच्या थिएटरात रविवारी सकाळी हे असलेच सिनेमे लागायचे, आणि रविवार उजाडला की बाबा दाढी करून, माझ्या वेण्या घालून, त्याही एक वर आणि एक खाली, निघालेच! आई शिलाई मशीनवरून ओरडायची, "अहो, पोर आधीच भित्री, तिला कशाला नेताय?" बाबा चपला घालता घालता म्हणायचे, "काही नाही गं, सिनेमा आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई स्वतः कधी आली नाही. म्हणायची, "रबरी बाहुल्या बघायला मला वेळ नाही, तीन ब्लाउज द्यायचेत."

तर आम्ही आत शिरायचो. त्या खुर्च्या आठवतात का तुम्हाला, आपण उठलो की फाडकन मिटणाऱ्या? मी तिथेच पहिल्यांदा दचकायचे. मग अंधार झाला की दुसऱ्यांदा. मग रॉकेट सुटायचं, आणि तुम्हाला सांगते, काय सुटायचं! खुर्चीचे हात थरथरायचे, पडद्यावर तारे पसरायचे, आणि इतकं मोठं आभाळ एवढ्याशा थिएटरात मावलं कसं, असं वाटायचं... आणि मग म्युझिक बदलायचं. खालच्या पट्टीत घुंऽऽ घुंऽऽ. की आलाच बाबांचा तळहात माझ्या डोळ्यांवर! बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे, त्यामुळे हाताला कायम त्या पॉलिशचा ओलसर वास. कानाशी आवाज, "काही नाही गं, सिनेमा आहे." पडद्यावर कुणीतरी किंचाळतंय, मागच्या रांगेतली बाई "अगंबाई" म्हणतेय, आणि मी त्या वासात सुरक्षित. हात निघायचा तेव्हा सगळं संपलेलं असायचं. नायक घाम पुसतोय, कोपऱ्यात जरासा धूर, बस्स. मी म्हणायचे, "बाबा, किती उशीर केलात!" बाबा म्हणायचे, "खात्री करून घेत होतो."

म्हणजे बघा, तुमच्यासमोर ही जी बसलीय ना, तिने तो सगळा जमाना मोठ्या पडद्यावर बघितलाय आणि राक्षस एक नाही बघितला! एक नाही!

पण खरा सिनेमा सुरू व्हायचा तो परतताना. मी विचारायचे, "कसा होता?" बाबांची चाल मंदावायची. "आठ डोळे. चार जागे, चार झोपलेले, पाळीपाळीने. अंगभर खवले, आणि एकेका खवल्यात आपलंच तोंड दिसतं, पण म्हातारं झालेलं." "आणि मग तो ओरडत का होता?" यावर बाबा थांबायचेच. "त्याला घरी जायचं होतं गं. रस्ता चुकला होता." झालं! भीती गेली कुठल्या कुठे, मला त्या राक्षसाची इतकी दया यायची की रात्री मी खिडकीचा दिवा चालू ठेवायचे. त्याला घर सापडावं म्हणून!

पुढे कॉलेजात मैत्रिणींनी तोच सिनेमा फोनवर बघितला. म्हणाल्या, "कुठले आठ डोळे? नीट दोनसुद्धा नाहीत!" मी भांडले. म्हटलं, एवढ्याशा फोनवर डोळे कसे दिसतील? मोठ्या पडद्यावर बघा, मग बोला! आठवडाभर अबोला. मला खात्री होती ना! आणि बाबांनी कबूलच केलं होतं, "मोठी झालीस की दोघं डोळे उघडे ठेवून बघू." मी मोठी झाले, तोवर ते सिनेमे लागायचे बंद झाले. आणि मग या वर्षी बाबा...

दवाखान्यात त्यांच्या उशाशी एक यंत्र होतं. टिंग करायचं. मी प्रत्येक टिंगला दचकायचे. बाबांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काही नाही गं... सिनेमा आहे." हात उचलायला गेले, माझ्या डोळ्यांपर्यंत पोचेना, सुईबिई लावलेली. मग मीच वाकले आणि डोळे नेऊन त्यांच्या तळहाताखाली ठेवले. आणि बसून राहिले तशीच. टिंगटिंग वाढलं, माणसं धावली, मी हलले नाही. बाबा हात नेहमी उशिराच काढायचे ना, मला सवय होती. बराच उशीर झाला. मग नर्सने काढला.

...असो.

तर गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर पोस्टर लागलं. थिएटरवाले खुर्च्या बदलणार, त्याआधी ते जुने सिनेमे एकदा लावणार. आठ डोळ्यांवाला पहिलाच! मी म्हटलं, बाबा गेले, पण बाबांनी बघितलेलं तर तिथे पडद्यावर आहे! ते मला बघायचंच होतं. डोळे उघडे ठेवून. आई म्हणाली, "मी येते, तू दचकून कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पडशील." आली. मांडीवर शिवायची पिशवी घेऊन आली.

म्युझिक बदललं. घुंऽऽ घुंऽऽ. माझे डोळे आपोआप मिटले. मी बोटांनी उघडले! अक्षरशः बोटांनी, दोन्ही पापण्या धरून! आणि तो आला... आणि वळला... आणि चेन!

शेजारून आई म्हणाली, "शी! शिलाई बघ. नुसता धावदोरा घातलाय."

मी म्हटलं, "आई, आठ डोळे कुठेत?"

"कुठले आठ डोळे?"

मी सांगितलं. डोळे, खवले, रस्ता चुकलेला, सगळं. आई म्हणाली, "अगं, पण त्यांनी कुठे बघितलाय तो?"

"म्हणजे?"

"लग्नाआधी मला इथेच घेऊन आले होते. म्युझिक वाजलं की डोळे गच्च मिटायचे आणि मला विचारायचे, 'गेला का? गेला का?' एकदा मी गंमत म्हणून म्हटलं, गेला. गेला नव्हता. एवढं दचकले की पॉपकॉर्नचा अख्खा पुडा पुढच्या टकल्या माणसाच्या डोक्यावर! परत म्हणून मला आणलं नाही."

"पण मग मला का आणायचे?"

"म्हणायचे, दोघांतलं एक तरी धीट होईल."

आता तुम्हीच सांगा! भरल्या थिएटरात सगळे डोळे फाडून बघतायत आणि एका रांगेत आम्ही दोघं, दोघांचेही डोळे बंद! त्यांना मला "गेला का" विचारायचीही सोय नाही, कारण माझे डोळे तर त्यांनीच झाकलेले! म्हणून तो उशीर! म्हणून ती खात्री! लोक हसायला लागले की मग आधी स्वतःचा एक डोळा किलकिला करत असणार, आणि मग माझ्यावरचा हात...

आणि ते आठ डोळे? ते पडद्यावर कधी नव्हतेच. थिएटरच्या दारापासून आमच्या दारापर्यंत, तेवढ्याच रस्त्यावर होते, बाबांच्या तोंडात. एकच प्रिंट होती हो त्याची. ती गेली.

म्हणून मी रडत होते. लोक हसतायत चेनला, आणि मी... पुढच्या माणसाने वळून विचारलं, "ताई, एवढा भीतीदायक वाटतोय तुम्हाला?" काय सांगू त्याला?

तेवढ्यात परत घुंऽऽ घुंऽऽ. आणि अचानक माझ्या डोळ्यांवर हात आला. मी दचकले, अर्थात! पॉलिशचा वास नाही, मशीनच्या तेलाचा. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. आई म्हणाली, "काही नाही गं. सिनेमा आहे." जमलं नाही तिला नीट, आवाज चिरकला.

मी अंधारातच विचारलं, "कसा आहे?"

"कसा म्हणजे? मोठा आहे."

"डोळे?"

"आहेत की."

"किती?"

"आता मोजत बसू का? ...झुरळ. मोठं झुरळ आहे, समज. झालं?"

मी म्हटलं, "आणि ओरडतोय का गं?"

आईचा हात तसाच. मग म्हणाली, "चेन अडकली असेल त्याची."

तर तुम्हाला सांगते, आमच्याकडे आता हाच राक्षस. झुरळ, आणि त्याची चेन अडकलेली. पुढच्या रविवारी यंत्रमाणूस आहे. आई म्हणालीय, येईन म्हणून. तो तर नुसता पत्रा, त्याला शिलाईच नाही... आई काय सांगणार, देव जाणे.