रायफलीची पूजा

शस्त्राची पूजा करावी, पण बेताने, असं माझं मत आहे. आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या डॉक्टर जोशांकडे शिकारीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. ते नेहमी म्हणतात, “ती चुकत नाही हो, माणूस चुकतो.”

दसऱ्याला वहिनींनी पूजेसाठी ती पुसली. दुर्बिणीवरच्या, नेम जुळवायच्या चकत्याही गरगर फिरवून लख्ख केल्या. दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या क्लबात चाचणी होती. नेम लागला तरच क्लबवाले डॉक्टरांना हरणांच्या शिकारीला नेणार होते. मीही बघायला गेलो.

डॉक्टरांनी पाच गोळ्या झाडल्या. त्यांचा कागद कोरा! शेजारच्या म्हाताऱ्या साहेबाच्या कागदावर मात्र मधोमध पाच भोकं, एकमेकांना चिकटून. साहेबाने अजून बंदूक भरलीही नव्हती.

“बघा, रायफल चुकत नाही!” डॉक्टर म्हणाले.

घरी वहिनींनी विचारलं, “पूजा पावली का?”

मी म्हणालो, “पावली वहिनी, पण शेजाऱ्याला.”