चाचांचा गुलाबी तरंगा

सांगतो, अजून डोकं तापतं माझं. आपल्या सलीमचे अब्बा, रहीमचाचा, उभा जन्म पैठणला गोदावरीत गळ टाकत आले. त्यांना सामान घ्यायला मी शहरातल्या एका दुकानात घेऊन गेलो. चाचांनी गळाच्या दोरीला बांधायचा, मासा लागला की बुडणारा गुलाबी तरंगा उचलला, तर दुकानदार हसायलाच लागला.

"चाचा, ते ठेवा. गढूळ पाण्याला नारिंगी, नितळ पाण्याला हिरवा. परदेशात वाहत्या नदीत साल्मन असाच धरतात. व्हिडिओ दाखवू?"

मी म्हटलं, "पैठणला साल्मन कुठून येणार? आम्हाला रोहू धरायचाय."

"मासा तो मासाच. गुलाबी बघून पळून जाईल. यांना काय कळतंय?"

यांना काय कळतंय! माझं टाळकंच सरकलं. मी लई बोललो त्याला. चाचांनी माझा हात दाबला आणि शांतपणे त्याला म्हणाले, "रंग मछली के वास्ते नको रे, मेरे वास्ते होना. डोळ्यात मोतीबिंदू आहे. तरंगा धारेबरोबर वाहत जातो, तो दुसऱ्या रंगाचा मला दिसतच नाय."

दुकानदारानं गुपचूप तरंगा बांधून दिला. माफी मात्र नाय मागितली!

दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो तरी मी त्याच्याच नावानं शंख करत होतो. गुलाबी ठिपका धारेला लागून चालला होता. मी म्हणत होतो, "चाचा, तुम्ही त्याला असं सोडायलाच नको होतं," तेवढ्यात ते ओरडले, "अरे, तरंगा बुडाला! त्याला सोड, जाळी धर!"