गुप्तदान, नऊ हजार

— नाय नाय, भाऊ, उठू नका, तुमच्या दाखल्याचा नंबर लांब हाय अजून. ती खिडकी चहा झाल्याशिवाय उघडत नाय, महिन्याभरात सहा वेळा आलोय मी या कलेक्टर कचेरीत, मला माहितीये. फक्त इकडं डाव्या अंगाला बसा. उजव्या डोळ्यानं मला दिसत नाय — मोतीबिंदू — हं, असं. तर मी काय म्हणत होतो, सही. तुमची एक सही पाहिजे, नाव, गाव, पत्ता, आधारकार्डाचा नंबर, बस. पैसे नकोत. उलट पैसे तुम्ही दिलेत असं लिहायचंय. हसू नका. मे महिन्यात तुम्ही मनालीला निवडणुकीसाठी नऊ हजार रुपये रोख दिले, एवढंच म्हणायचं.

मनाली कोण? आमच्या सिन्नरकडची पोरगी, अंगणवाडीच्या बायांची संघटना चालवते — लोकसभेला अपक्ष उभी होती. पडली. अहो पडणारच होती, साडेअकरा हजार मतं पडली, डिपॉझिट गेलं, त्याचं कुणालाच काय नाय. पण पडलेल्यालाही हिशेब द्यावा लागतो, निकालापासून तीस दिवसांत. आज तिसावा. आत साहेब बसलेत, साडेपाचला टेबल आवरतील. किती वाजले? — पाच? — बघा म्हणजे.

आणि हिशेब अडलाय तो माझ्यामुळं. मी धोंडीराम, आमच्या यात्रा कमिटीचा तीस वर्षं खजिनदार. मनाली म्हणाली, तात्या, वर्गणी तुम्हीच गोळा करा, तुमच्याकडं पाहून लोक देतील. दिली की लोकांनी. आता यात्रेत कसं असतं — एखादा म्हणतो, तात्या, माझं नाव नका टाकू, तर आपण नावाच्या जागी लिहितो ‘गुप्तदान’. पावती फाडायची, माईकवर पुकारायचं, एक गुप्तदान, एक हजार एक — आणि सगळं गाव मान डोलावतं. नाव न सांगणाऱ्याला आमच्यात जास्त मान. मला काय ठाऊक, इथं उलटं असतंय? प्रचार चालू असतानाच तपासणीचे साहेब आले, त्यांनी पावतीपुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि विचारलं, हे गुप्तदान कोण, राहतात कुठं? मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतायत. ते नाय हसले. बावीस पावत्यांना लाल गोल केले. एका माणसाकडून दहा हजारांच्या वर रोख घ्यायची नाय, ते मी पाळलं होतं, बरं का, घेतलेली रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचो — सगळं पाळलं होतं. नावच तेवढं नाय घेतलं. तेच पाहिजे होतं त्यांना.

हिशेब नाय धरला तर काय होतं माहितीये? तीन वर्षं उभं राहता येत नाय. आणि दिवाळीच्या आसपास विधानसभा आलीय. चौदा वर्षं त्या पोरीनं अंगणवाडीच्या बायांच्या मानधनासाठी मोर्चे काढले, लाठी खाल्ली, लग्न राहून गेलं तिचं — आणि एका म्हाताऱ्यानं यात्रेसारखी पावती लिहिली म्हणून घरी बसायचं? मला झोप नाय भाऊ महिनाभर. जेवण जात नाय. खरं सांगतो.

म्हणून दारोदार फिरलो. ज्यांनी नाव लपवायला सांगितलं होतं त्यांच्याकडंच, की बाबांनो, आता नाव द्या. कुणाची बायको झेडपीत, कुणाचा गाळा मार्केटात, जो निवडून आला त्याच्याशी वैर घ्यायची सगळ्यांना भीती. ही यादी म्हणे कॉम्प्युटरवर टाकतात, कुणीही बघावी. एक व्यापारी — समाधान म्हणून हाय — तो आतच बसून राहिला, त्याच्या बायकोनं उंबऱ्यावर सही दिली, म्हणाली, पैसे मीच दिले होते, त्यांना काय विचारता. आणि मंगलाबाई — कांदे लावायच्या मजुरीतले एकावन्न रुपये दिले होते तिनं. म्हणाली, तात्या, गुप्त तुम्हीच लिहिलं असंल, मी नव्हतं सांगितलं, आता मोठ्या अक्षरात लिव्हा. पायाच पडावं वाटलं तिच्या. तर असे एकवीस झाले. एक राहिली. दोनशे सतरा नंबर. नऊ हजार.

तो माणूस? — तो नाव द्यायला तयार नाय. — नाय, पुन्हा जाऊन उपयोग नाय. — अहो माहितीये ना मला तो, म्हणून सांगतोय. चांगला माणूस हाय. म्हणजे, चांगला काय, भित्रा हाय. लेकाच्या घरात राहतो, बायको वारली, शेत लेकाच्या नावावर करून दिलं, आता दोन वेळची भाकरी लेकाच्या हातची, आणि लेक — योगेश — त्या निवडून आलेल्याच्या पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी. घरावर झेंडा. त्या घरातून मनालीला नऊ हजार गेले हे यादीत छापून आलं तर लेकाला तोंड दाखवायला जागा नाय राहणार. तो बापाला उभा करील का दारात? — तुम्हीच सांगा. — नाय, योगेश वाईट नाय. योगेशनंच तर ते नऊ हजार दिले होते, डोळ्याच्या ऑपरेशनला, म्हणाला, आबा, प्रचारात मला श्वास घ्यायला वेळ नाय, तुम्ही रिक्षा करून जा...

हं. बोलून गेलो.

बरं, बोललो तर बोललो. माझीच हाय ती पावती. काय करू, त्या दिवशी पत्रकं छापणारा पैसे रोख मागून बसला होता, खात्यात काय नव्हतं, मनाली गळ्यातली साखळी काढायला लागली — मी म्हणालो, थांब, एक गुप्तदान आलंय. आणि पाकीट दिलं. मग ऑपरेशन न करताच दवाखान्याच्या दारातून परत आलो. काळा गॉगल साठ रुपयांना घेतला आणि आठ दिवस घरात लावून फिरलो. सूनबाई, उज्वला, रोज दोन वेळा त्या डोळ्यात थेंब घालायची. फुंकर घालून विचारायची, आता दिसतंय का आबा? मी म्हणायचो, लख्ख दिसतंय. अहो, त्या डोळ्यानं तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं मला. आता हसू नका म्हणालो ना — की हसत नाय तुम्ही? डाव्यानंही दिसत नाय आता नीट.

मनालीला यातलं काही माहीत नाय. कळलं तर ती आजच्या आज पैसे उसने काढून मला दवाखान्यात नेईल, आणि पाया पडत बसेल, आणि मला ते नकोय. मी दान केलंय. दान काय परत घेतात? ती आता नोटरीकडं गेलीय, शपथपत्र करायला. येईलच. त्यात लिहिलेलं असतं की हा हिशेब सगळा खरा हाय. खाली तिची सही. — हं? — हो, मग खोटी शपथ होईल ती, कळतंय मला. तुम्ही नका सांगू. रात्रभर तेच मोजत होतो, की माझं नाव लिहिलं तर माझं घर जातं आणि परक्याचं लिहिलं तर तिची शपथ खोटी होते. म्हणून तर तिला कळायला नको. तुम्ही सही करा, मी पावती आत देतो, तिला वाटेल त्या गुप्तदानवाल्यानं नाव दिलं. भाऊ, मी हात जोडतो. ही घ्या पावती, हे पेन. तुम्ही सिन्नरचे नाय, तुम्हाला कोण ओळखतंय, तुमचं काय जातंय...

काय झालं? तुम्ही सारखं माझ्या उजव्या अंगाला काय बघताय? मला त्या बाजूचं दिसत नाय, सांगितलं ना. शिपाई आलाय का?

कोण हाय?

मनाली?

कधी आलीस गं? — नोटरीचं झालं एवढ्यात? — नाय, काय नाय, या भाऊंना नंबर विचारत होतो. रडतेस कशाला, इथं लोक बघतायत. कुठून ऐकलंस? — गॉगलपासून?

नुसतं तात्या तात्या करू नको. आधी डोळे पूस. त्या शपथेवर सही केलीस का? नाय ना अजून? भाऊ, ती पावती द्या इकडं. नको, मनाली, तूच लिही, मला ती रेघ दिसायची नाय. नाव लिही, धोंडीराम पुंजा बोडके. हो, पूर्ण. पत्ता... पत्ता योगेशच्या घराचा. दुसरा कुठला हाय मला?

जा भाऊ तुम्ही. तुमची खिडकी उघडली.