टाळू वर आलती

दवाखान्याच्या पडद्याआड डॉक्टर जलालुद्दीन हात धूत होते. बाहेर ओसरीवर रांगेत बसलेल्या दोन बायांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

“किती दिसांचं हाय लेकरू?”

“दोन महिन्यांचं. काल सांजंपासनं अंग तापलंय. तुमचं कुठंय, छबुबाई?”

“माजं गेलं की, चैतात. आज सासूच्या डोळ्याचं औषद न्यायला आले.”

“अगं बाई! हितं आनलं नव्हतं?”

“आनलंतं की. हिवताप म्हनले, कुनैन देलं.”

“मग?”

“त्याची टाळू वर आलती, फुगल्यावानी. दूद वढत नव्हतं. उचललं की कन्हायचं. मी दोनदा सांगाय गेले. साहेब म्हनले, पुढं चला.”

“आन् तुमी गप बसलात?”

“ते शिकलेले, मी अडानी. मला वाटलं, मलाच उगं तसं दिसतंय.”

डॉक्टरांना ना ती बाई आठवत होती, ना तिचं लेकरू. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

पडदा सारून ते बाहेर आले. दोघी गडबडीनं उठू लागल्या.

“बसा, बाई.” तेही समोर खाली बसले. त्यांनी तापलेल्या लेकराच्या टाळूवर हलकेच बोटं ठेवली. मग मान वर न करता म्हणाले, “छबुबाई, त्या दिवशी मी ऐकलं नाही. आज सांगा. तुमच्या बाळाचं सगळ्यात आधी काय बदललं?”

छबुबाई जराशी पुढं सरकली.

“रडनं,” ती म्हणाली. “आदी लई मोठ्यानं रडायचा, साहेब. मग मांजराच्या पिलावानी बारीक रडाय लागला.”