येसबा कासाराचा चेहरा

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. ज्याला उत्तर येत असेल त्याने हात वर करायचा. ज्यांना डुलकी लागली आहे त्यांनी मान हलवत राहावं, तो आम्ही होकार धरू!

प्रश्न असा — जो माणूस जिवंतपणी कुणाच्या बापाला विकला गेला नाही, तो मेल्यावर विकायचा झाला, तर परवानगी कोणाची लागते?

बायकोची? मुलांची? सरकारची? पुढे बसलेले भाऊसाहेब म्हणतात, वकिलाची. बरोबरच आहे. भाऊसाहेब स्वतः वकील आहेत!

ऐका तर मग.

आडदरे नावाचं गाव. डोंगराच्या बेचक्यात. त्या गावात बेचाळीसच्या धामधुमीत एक क्रांतिकारक होऊन गेला — येसबा कासार. आज त्याचीच पुण्यतिथी, म्हणून तर आपण इथे जमलो. आता मला सांगा, येसबाचं हत्यार कोणतं? तलवार? बंदूक? बॉम्ब? छे! बांगड्या!

हसू नका. बांगड्यांची गठडी खांद्यावर टाकून हा माणूस गावोगाव फिरायचा. काचेची बांगडी पेंढ्यात बांधतात, फुटू नये म्हणून. त्या पेंढ्यात निरोपाच्या चिठ्ठ्या! कुठे तार तोडायची, कुणाला लपवायचं, शिपाई कुठल्या वाटेने येताहेत — सगळं त्या पेंढ्यात. इंग्रजाने घोडेस्वार अडवले, सायकली अडवल्या, लग्नाची वऱ्हाडं अडवली. कासाराला कोण अडवतो? फौजदाराची बायकोसुद्धा त्याच्यापुढे हात करून बसायची! आणि गंमत बघा — बाई बांगडी भरून घेते तेव्हा तिचे डोळे कुठे असतात? हातावर. बांगडी चढतेय की फुटतेय! कासाराच्या तोंडाकडे बघतं कोण? शेकडो बायकांनी येसबाच्या हातात हात दिला, पण येसबा दिसतो कसा, एकीला सांगता येईना.

शेवटी पकडला नाही, मारला. नदीच्या उतारावर गोळी लागली. पण पोलिसांची पंचाईत! मेला तो येसबाच कशावरून? फोटो नाही, पाहणारा नाही. मग प्रेत आणून ठेवलं चावडीत. गाव रांगेत उभं केलं. एकेकाला पुढे ढकलायचं आणि विचारायचं — "हा येसबा का?"

ओळख दिली असती तर काय झालं असतं? घराघरातून माणसं उचलली असती. ज्यांनी चिठ्ठ्या नेल्या त्या बायासुद्धा. म्हणून पहिला म्हातारा पुढे आला, प्रेताकडे बघितलं, म्हणाला, "हा आमचा न्हवं." दुसरा आला, "आमचा न्हवं." सगळं गाव! आणि मग येसबाची बायको पुढे आली. पोटात मूल.

मृदंगवाले, जरा थांबा. इथे ताल नको.

समोर नवरा पडलेला. फौजदार तिच्या हाताकडे बघतोय. रडली तर धरणार. बांगड्या फोडल्या तर धरणार! ती म्हणाली, "ह्यो माझा न्हवं." आणि चालत घरी गेली. कुंकू पुसलं नाही. बांगडी वाढवली नाही. पुढे स्वराज्य आलं, जुन्या साथीदारांनी तोंडं उघडली, येसबाच्या नावाची शिळा बसली, तरी ती बाई मरेपर्यंत हातभर हिरवा चुडा घालून राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी न्हाई म्हणून सांगितलंया. सबूद मोडायचा व्हय?"

तिच्या पोटात होती ती अनसाक्का. आज ऐंशी ओलांडलेली. तीही कासारीणच. आता हे आख्यान येसबाचं नाही, अनसाक्काचं आहे.

मंडळी, जन्मभर या बाईला एकच भूक होती. बाप कसा दिसत होता? आईला विचारलं तर आई आपली हातांचंच सांगायची. लहानपणी अनसाक्का आरशात बघायची, आईचं नाक वजा करायची, आईची हनुवटी वजा करायची. उरेल तो बाप! पण वजाबाकीने कुणाला बाप मिळालाय?

आणि एक दिवस तिच्या ओट्यावर येऊन बसले दिग्दर्शक. शार्दूल सर! गळ्यात तीन माळा, पायात दोन रंगांचे बूट.

"आजी, आम्ही तुमच्या बाबांवर पिक्चर काढतोय. बाबांचा फोटो असेल ना?"

"न्हाई रं लेकरा. एकबी न्हाई."

असं म्हटल्यावर माणूस हळहळेल की नाही? शार्दूल सरांचा चेहरा असा उजळला, जणू तांब्याभर अमृत पाजलं! फोटो नाही, म्हणजे हरकत घेणारा नाही! कसाही दाखवा! शेजारी सरपंच जालिंदर उभा होता. त्याला सरांनी शब्द दिला, पिक्चर चालला की गावात येसबाच्या नावाने मोठं सभागृह. जालिंदर तिथल्या तिथे सभागृहाच्या उद्घाटनाचं भाषण पाठ करायला लागला.

"दिसाय कसा दावणार माझा बा?" अनसाक्काने विचारलं.

"आजी, तुम्ही बघतच राहाल!"

काही महिन्यांनी कॅलेंडर आलं. त्यावर येसबा! म्हणजे नट अधिराज. सहा फुटी, छाती गावच्या वेशीएवढी, मिशा अशा की दोन्हीकडे एकेक लिंबू राहावं. मागे आगीचा डोंब. खाली बनियनच्या कंपनीची जाहिरात. अनसाक्काने काय केलं असेल? फाडलं? नाही हो! तिने कात्री घेतली, खालचा बनियन कापून टाकला आणि वरचा बाप भिंतीला लावला.

हसताय? हसा. पण त्या रात्रीपासून ती त्या चित्राशी बोलायला लागली. "बा, आज बाजार बरा झाला." "बा, तुझी नात पुण्याला असती." ऐंशी वर्षांची बाई! तिला काय कळत नव्हतं, की हा नट आहे? कळत होतं. पण उपाशी माणसाला चित्रातली भाकरी दाखवली, तर तो आधी हात पुढे करतो, मंडळी. मग हाताला कागद लागतो.

कासारवाड्यातली एक नात्याची बाई म्हणाली, "अगं अनसे, येवढ्या मिशांचा कासार कुटं असतो का? बाया भिऊन पळतील!"

"असूदे," अनसाक्का म्हणाली. "माझा बा हाय. तुझ्या पोटात का दुखतंया?"

मग तो दिवस उजाडला. देवळापुढच्या पटांगणात मांडव, भिंतीएवढा पडदा, गाड्या, छत्र्या, आणि साक्षात अधिराज! पिक्चरमधल्याच वेषात, खांद्यावर बंदूक. बेत असा, की आधी गावाला पिक्चरची झलक दाखवायची, मग एकेका गावकऱ्याने कॅमेऱ्यापुढे यायचं, अधिराजकडे बघायचं आणि भरल्या गळ्याने म्हणायचं — "होय, हाच आमचा येसबा!" पहिली कोण? लेक. अनसाक्का नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीवर. आयुष्यात पहिल्यांदा बापाला हलताना-बोलताना बघणार होती!

पडदा उजळला. येसबा घोड्यावर! येसबा तालमीत! येसबा परदेशी डोंगरात कुणा पोरीबरोबर गाणं म्हणताना! अनसाक्का गठडी शोधतेय. दिसेना. पेंढा दिसेना. एकही बांगडी नाही! तिने शेजारच्या शार्दूल सरांना विचारलं, "बा बांगड्या कवा भरतोया?"

सर तिच्या कानाशी वाकले. प्रेमाने हो! "आजी, तो भाग काढला. हिरो बांगड्या विकतो म्हटलं की पब्लिक हसतं."

आणि तेवढ्यात पडद्यावर अधिराजने फौजदाराची कॉलर धरली, छाती फुगवली आणि गर्जना केली —

"आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत!"

काय शिट्ट्या! काय टाळ्या! पोरांनी कंपनीने वाटलेले, ते वाक्य छापलेले बनियन घातले होते, ते वर करून दाखवले. येसबा कासाराच्या तोंडी! ज्याने जन्मभर बांगड्याच भरल्या, त्याच्या तोंडी! अरे, ज्या हातांनी तुमचं स्वराज्य चिठ्ठी-चिठ्ठीने गावोगाव नेलं, ते हात बांगड्यांचेच होते की रे! ज्या बाईने चावडीत नवरा नाकारून गाव वाचवलं, तिच्या हातात काय होतं? कोपरापर्यंत काय होतं?

मखर विकावे, मूर्त विकावी, देव विके ना बाई।
बाजारी या मिळे चेहरा, माणुस मिळतच नाही॥

"आजी, या!" शार्दूल सर म्हणाले. "तीन, दोन, एक..."

अनसाक्का उठली. समोर तो चेहरा, ज्याच्याशी ती इतके दिवस बोलली होती. एक शब्द उच्चारायचा, की ऐंशी वर्षांची भूक भागली. सगळं जग म्हणणार, हाच हिचा बाप. आणि नाही म्हटलं, तर पुन्हा भिंत रिकामी. या वयात पुन्हा रिकामी! तुम्ही काय म्हणाला असता? मनातच ठेवा. खोटं मनात कमी दिसतं.

तिने त्या नटाला खालून वर नीट न्याहाळलं. मग म्हणाली —

"ह्यो माझा न्हवं."

"कट! आजी, चुकलं. होय म्हणायचं."

"चुकलं न्हाई. ह्यो माझा बा न्हवं."

आता गावाला काय वाटलं असेल? गावातल्या म्हाताऱ्यांनी ते शब्द आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेले! रांगेतला पुढचा म्हातारा काठी टेकत आला, म्हणाला, "आमचा न्हवं." त्याच्यामागची बाई, "आमचा न्हवं." आत्ता शिट्ट्या मारणारं पोरगं पुढे आलं, बनियन काढून हातात घेतलं, आणि उघड्या अंगाने म्हणालं, "आमचा न्हाई, सर." शार्दूल सर ओरडताहेत, "बंद करा रे कॅमेरा!" शेवटी आला जालिंदर सरपंच. डोळ्यांपुढे सभागृह! त्याची फरशी, त्याची कोनशिला, कोनशिलेवर स्वतःचं नाव!

"सरपंच, तुम्ही तरी शहाणे आहात," सर म्हणाले.

जालिंदरने घाम पुसला. "शहाणा हाय, पर ह्याच गावचा हाय. सायेब, ह्यो आमचा न्हवं." आणि मान खाली घालून सभागृहाला मनातल्या मनात अग्नी दिला!

छत्र्या मिटल्या, कॅमेरे पेटीत गेले. तेव्हा तो अधिराज — नट होता हो, पण माणूसही होता — मिशा उपटून हातात घेऊन अनसाक्काजवळ आला. "आजी, मग ते होते कसे?"

"ठावं न्हाई, बाबा. हात दे."

त्याने हात दिला. तिने त्याची मूठ आवळून धरली, अंगठ्याचं पेर आत दाबलं. "सैल सोड. भिऊ नगंस. दुखू द्यायचं न्हाई आन् फुटूबी द्यायची न्हाई, आई म्हनायची, त्येचा हात असा हुता." आणि त्या सहा फुटी गड्याच्या मनगटावर हिरवी बांगडी चढवली! अधिराजला यापुढचं वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि अनसाक्का? ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती हाताकडे बघत होती.

मग पिक्चर पडला का? छे, मंडळी! तुफान चालला! गोष्टीत न्याय होतो, तिकीटबारीवर होत नाही. आणि सभागृह? आडदऱ्यात आजही लग्नं मांडवातच लागतात.

आता माझ्या प्रश्नाकडे या. परवानगी कोणाची लागते? भाऊसाहेब, वकिलाची नाही. लेकीने तर नाही म्हटलं होतं, तरी येसबा विकला गेला. कसा? तुम्ही दिलीत परवानगी! तिकीट काढून दिलीत, शिट्टी मारून दिलीत, ते वाक्य छातीवर मिरवून दिलीत. विकणारा एकटा काय विकतो? घेणारा लागतो. "होय, हाच" म्हणायला शिट्टी पुरते. "आमचा नव्हे" म्हणायला छाती लागते, आणि ती बनियनच्या दुकानात मिळत नाही!

थांबा, उठू नका. आरती व्हायची आहे.

माझ्या पाठीमागे हा फ्लेक्स बघा. वर अक्षरं — हुतात्मा येसबा कासार यांना विनम्र अभिवादन. खाली मंडळाच्या सोळा कार्यकर्त्यांचे हात जोडलेले फोटो. आणि मधोमध हार घातलेला हा कोण? मिशा बघा! लिंबू राहील की नाही?

अध्यक्ष, खाली बघू नका, वर बघा. हा तुमचा का?

आवाज आला नाही. माताभगिनींनो, तुम्ही सांगा. हा आपला का?

हां! आता आला — "आमचा न्हवं!"

मग निरांजन विझवा. शिडी आणा. मृदंगवाले, तुम्ही वाजवत राहा — हा फ्लेक्स खाली येईपर्यंत मी इथून हलत नाही, आणि आरतीही नाही.