सीडीत नसलेला ढोल

मच्छिंद्रबुवा: हा न्हाई. ह्याचं पोट मोठं हाय. टेपातला बारक्या पोटाचा हाय. दुसरा लाव.

सम्राट: बुवा, ह्या एका सीडीवर नुसते आफ्रिकेचे ढोलच ढीगभर आहेत. असे एकेक ऐकत बसलो तर तुमची पारनेरची शेवटची गाडी जाईल.

मच्छिंद्रबुवा: गेली तर माळीवाड्याच्या स्टँडवर पडन. तू लाव.

यशोधरा: स्टँडवर कशाला? आमच्या घरात काय जागा नाही? आधी हा चहा घ्या. आणि अहो, तुम्ही बुवांना नीट सांगितलंत का?

सम्राट: सांगितलंय.

यशोधरा: काय सांगितलंय?

सम्राट: की जमेल तेवढं करतो.

यशोधरा: वा. म्हणजे नाही सांगितलं. बुवा, ह्यांच्या तोंडून निघायचं नाही, मी सांगते. दुधात पाणी घालता येतं, घातलेलं काढता येत नाही. सोपानभाऊजींचा आवाज आणि ते ढोल कॅसेटवर एकात एक मिसळलेत.

मच्छिंद्रबुवा: चुलीवर ठिवलं का दुधातलं पानी आटून जातंच की, पोरी. तुझा नवरा ह्या मशीनवर घरात नसलेला ढोल वाजवून दावतो. नसलेला आनता येतो, तर असलेला काढता का येऊ नये?

यशोधरा: घ्या. द्या आता उत्तर.

सम्राट: थोडं होतं, बुवा. पूर्ण नाही. ही बटणांची रांग बघा. इकडची जाड आवाजाची, तिकडची बारीक आवाजाची. सीडीवर प्रत्येक ढोल सुटा आहे. टेपातला ढोल सीडीत सापडला, की तो एकटा वाजवायचा, कुठल्या बटणात बसतो ते बघायचं आणि टेप लावून तेवढं बटण खाली ओढायचं. ढोल दबतो. त्याच्यासोबत सोपानचा आवाजही जरा जाईल, पण उरेल तो मोकळा ऐकू येईल.

मच्छिंद्रबुवा: मंग झालं तर. तांदूळ निवडल्यागत. खड्याबरुबर चार दानं जात्यात, जाऊ दे.

यशोधरा: एवढी घाई का लावलीत पण? नंतर सावकाश झालं असतं.

मच्छिंद्रबुवा: वर्षश्राद्ध तोंडावर आलं, बाई. कीर्तन ठिवलंय. सोपानच्या आईनं हट्ट धरलाय, कीर्तनाच्या आधी माझ्या लेकाचा आवाज गावाला ऐकवा. आता गावाला काय ऐकवू? निस्ता दणदणाट. मधी मधी तो काय तरी बोलतो, पन काय बोलतो ते आमा दोघांना अजून उमगलं न्हाई.

सम्राट: ती कॅसेट पोस्टानं आली होती का?

मच्छिंद्रबुवा: न्हाई. त्याच्या पलटनीतला एक जवान ट्रंक घिऊन आला, त्यानं हातात दिली. म्हनला, "ह्यात सोपान हाय, जपा." पानीसुदिक प्याला न्हाई. रस्त्यावर गाडी थांबल्याली. त्याचं नाव इचारायचंबी राह्यलं. तवा कुनाला सुधरत हुतं?

यशोधरा: तापानंच ना हो गेले भाऊजी?

मच्छिंद्रबुवा: तिकडचा मलेरिया. पंच्यान्नवला गेला शांतिसेनेत, अंगोला म्हनून देश हाय. हिकडं एवढं युद्ध-बिद्ध पाहिलं न्हाई त्यानं, आन् तिकडं डासानं नेला. जाऊ दे. सम्राटा, लाव रं म्होरचा.

सम्राट: ही पहिली सीडी बाजूला ठेवतो. हिच्यातले ढोल फार गुळगुळीत आहेत. खोलीत बसून, कातडं पुसून वाजवल्यासारखे. दुसरी गावात जाऊन भरलीय म्हणतात. ऐका हा.

मच्छिंद्रबुवा: थांब. हा! हाच. पखवाजाच्या डाव्या अंगावानी बोलतो बघ, छातीत.

सम्राट: बरोबर. सापडला. हे बटण. ओढलं खाली.

मच्छिंद्रबुवा: आता ती घंटी. टिंग टिंग करती ती.

सम्राट: लोखंडाची असते ती, काठीनं वाजवतात. ही का?

मच्छिंद्रबुवा: ही चिरकी हाय. दुसरी. ...व्हय, ही. तू ह्या असल्या सीड्या कशाला जमवल्या रं? जयंतीच्या गान्यांना लागत्यात?

सम्राट: नाही हो. पुण्याच्या एका डीजेनं निवडायला दिल्यात. तिन्हीतली एकच ठेवायची, माझ्या मशीनची मेमरी एवढीशी आहे. आणि वेड कुणी लावलं म्हणाल तर तुमच्या सोपाननंच. तिकडून त्यानं लिहिलं होतं, इथं रात्रभर एकाच ठेक्यावर लोक नाचतात, गाणं संपतच नाही, आपल्या टाळासारखं चढत जातं. सम्राट, तुझ्या डबड्यावर असलं कर. तेव्हापासून मी हे आफ्रिकन ढोलांचं हाऊस करायला घेतलंय.

मच्छिंद्रबुवा: हाऊस म्हंजी?

यशोधरा: नाचाचं असतं, बुवा. धप धप धप. शेजारचे भिंत वाजवून तालात शिव्या देतात.

मच्छिंद्रबुवा: नाचाचं का. मंग त्यात काय वंगाळ? कीर्तनात आमी काय बसून असतो व्हय? जयजयकार चढला का म्हातारीकोतारीबी उठत्यात. ...सम्राटा, हा खुळखुळा. हा त्या टेपातला.

सम्राट: कान आहे का काय आहे तुमचा! हाच. ओढला. आता राहिला एकच. तो कोरडा, टप टप वाजतो तो. आवाजाच्या अगदी अंगावर बसलाय.

मच्छिंद्रबुवा: तिसऱ्या सीडीत बघ.

सम्राट: हा?

मच्छिंद्रबुवा: न्हाई.

सम्राट: हा? ...हा? हा लाकडी आहे बघा.

मच्छिंद्रबुवा: न्हाई रं. ह्याला कातडं न्हाई आन् लाकूडबी न्हाई. कसला ढोल हाय कुनास ठावं.

सम्राट: कुठल्याच सीडीत नाही मग. राहू द्या, मी कानानंच शोधतो. हे बटण... हे नाही... हे. दबला. बुवा, हे कानाला लावा. यशू, तू स्पीकरवर ऐक. आता जे येईल ते सोपान काय बोलला ते.

(टेप पहिल्यापासून लागते. बुवा कान लावून ती शेवटपर्यंत ऐकतात.)

मच्छिंद्रबुवा: ही भाषा कुठली?

सम्राट: बुवा...

मच्छिंद्रबुवा: मी इचारतो, ही भाषा कुठली हाय?

यशोधरा: तिकडचीच असेल. शिकले असतील भाऊजी. इतके महिने होते तिथं, चार शब्द येणारच की माणसाला.

मच्छिंद्रबुवा: भाषा शिकंल, पोरी. गळा कसा बदलंल? हा म्हातारा मानूस हाय. ह्याला म्होरचं दात न्हाईत, वारं निसटतंय बघ बोलताना. हा सोपान न्हाई.

सम्राट: मला वाटलं होतं... मलाही वाटलं होतं की तोच आहे.

मच्छिंद्रबुवा: साल झालं. रोज दिवेलागनीला सोपानची आई ही टेप लावती. मधीच आवाज आला का जबाब देती. "व्हय रं बाबा." "जेवलास का?" "पाऊस झाला बरं का हिकडं." मी वट्ट्यावर बसून ऐकतो. तिला येड लागलंय म्हनून शेजारच्या झुंबरबाईनं तोंडावर सांगितलं, तर हिनं तिच्याशी बोलनं सोडलं. आन् एक दिस ही दळनाला गेल्ती तवा मीबी लावली टेप. मीबी जबाब दिला.

यशोधरा: पाणी घ्या, बुवा.

मच्छिंद्रबुवा: ठिव तिथं. मंग सोपान कुठं हाय ह्यात? तो जवान म्हनला ह्यात सोपान हाय. गेलेल्याच्या बापाशी खोटं का बोलंल तो?

सम्राट: खोटं नसेल. टेपरेकॉर्डर सोपानच्या हातात असेल. त्यानं भरली, म्हणून म्हणाला असेल की ह्यात तो आहे.

मच्छिंद्रबुवा: निस्ता टेप धरून हुबा?

सम्राट: हो.

मच्छिंद्रबुवा: हुबा ऱ्हानारा व्हता का रं तो? तू तर वळखतोस त्याला. म्होरं ढोल वाजतोय आन् सोपान हाताची घडी घालून ऐकतोय, आसं बघितलंस कधी?

सम्राट: नाही. सुट्टीवर आला की इथं ह्याच खाटेवर बसायचा. मी नुसतं मशीन चालू केलं तरी ह्याची बोटं खाटेच्या पाटीवर.

यशोधरा: जेवताना ताटावरसुद्धा.

मच्छिंद्रबुवा: सम्राटा. तो शेवटचा दाबलास ना, जो कुठं गावला न्हाई, तो वर घे.

सम्राट: तो कशाला? त्यानं आवाज पुन्हा...

मच्छिंद्रबुवा: वर घे म्हनतो ना. आन् बाकीचं समदं दाब.

सम्राट: त्या म्हाताऱ्याचा आवाज पण?

मच्छिंद्रबुवा: जेवढा दबंल तेवढा दाब.

सम्राट: ऐका.

मच्छिंद्रबुवा: ...हे काय वाजतंय?

सम्राट: पोकळ आहे. प्लॅस्टिकसारखं. पाण्याचा कॅन असेल, मिलिटरीत असतात ते मोठे. पालथा घालून... बुवा, कॅन आहे हा. म्हणून कुठल्या सीडीत नव्हता.

मच्छिंद्रबुवा: बोलू नको. उजवा ऐक. पळतोय. आता डावा... आता... आला! वाइच मागनं आला. ऐकलंस?

सम्राट: मला नाही कळलं.

मच्छिंद्रबुवा: परत येतो बघ. उजवा गेला म्होरं, डावा... हां. बारका हुता तवा गाडीच्या जुवाखाली बोटं सापडल्याली. तवापसनं त्याचा डावा हात पाऊलभर मागं चालतो. आमचे नेवाशाचे महाराज कीर्तनात हसायचे, म्हनायचे, "बुवा, तुमचा पोरगा देवाला समेच्या दारात वाइच हुबा करतो, मंग आत घेतो."

यशोधरा: बुवा, नक्की तेच आहेत?

मच्छिंद्रबुवा: माझा हात मी वळखायला चुकंन, पोरी. ह्यो न्हाई चुकायचा.

सम्राट: म्हणजे त्या लोकांच्या मेळ्यात बसून वाजवतोय तो. त्या म्हाताऱ्याला साथ करतोय.

मच्छिंद्रबुवा: साथच करनार. दुसरं काय येत हुतं त्याला? वाजवताना तोंड उघडायचं न्हाई त्याचं, दात आवळून बसायचा. हे मला ठावं हुतं रं. ठावं असून सालभर मी त्याला त्या आवाजात धुंडतोय. आन् आज पहिल्या गाडीनं आलो ते ह्यालाच काढून टाक म्हनाया.

यशोधरा: तुम्हाला काय माहीत असणार, बुवा?

मच्छिंद्रबुवा: बापाला ठावं नगं?

सम्राट: बुवा, एक सांगू का? हा तेवढा तुकडा मी मशीनमध्ये घेऊ शकतो. तो फिरत राहतो. संपला की पुन्हा पहिल्यापासून, मधे खंड पडत नाही. हाऊसमध्ये तसंच करतात. कॅसेट भरून देतो, दोन्ही बाजू. आईंना पाहिजे तितका वेळ ऐकता येईल.

मच्छिंद्रबुवा: थांबायचाच न्हाई?

सम्राट: नाही थांबणार.

मच्छिंद्रबुवा: नगं. तो जिथं थांबलाय तिथं थांबू दे. दमला आसंल.

सम्राट: बरं. आत्ता ऐकलं तसं, कॅन वर ठेवून, एकदाच भरून देतो.

मच्छिंद्रबुवा: तुझ्या गान्यात घाल पन. तुला कर म्हनला हुता ना? ह्या तीन सीड्यांतली निवड कोनतीबी, तुला आवडंल ती. तिच्यात ह्याला बसव. तिकडं परक्या मेळ्यात बसलाच हुता की.

सम्राट: दुसरी ठेवतो. गावातली.

मच्छिंद्रबुवा: आन् त्याचा डावा हात सरळ करू नगं.

सम्राट: मशीनमध्ये बटण असतं तसं. दाबलं की पुढेमागे पडलेले सगळे ठोके रांगेत येतात. नाही दाबणार, बुवा. तुमच्यासमोर सांगतो.

यशोधरा: आणि आईंचं काय? त्यांना काय सांगणार?

मच्छिंद्रबुवा: तेच बघतोय मघापसनं. आमच्या घरात ती कधी पखवाजापशी येऊन बसली न्हाई. पन चुलीपसनं सांगायची, आता बाप वाजवतोय, आता लेक वाजवतोय. बघाया लागायचं न्हाई तिला.

सम्राट: मग ह्या कॅसेटमधून कसं नाही ओळखलं त्यांनी?

मच्छिंद्रबुवा: गानाऱ्याकडं ध्यान असलं का साथीला कोन ऐकतो? भरल्या मंडपात मी रात रात वाजवलंय, मला ठावं हाय.

यशोधरा: पण तो आवाज भाऊजींचा नाही हे कळलं की मोडतील हो त्या. रोजचं बोलणं बंद होईल त्यांचं.

मच्छिंद्रबुवा: मोडंल. मी न्हाई का मोडलो आत्ता, तुझ्या म्होरं? पन आवाजाचं मी हून काय काढनार न्हाई. कोन हाय तो म्हातारा, ह्याच्या संगतीनं गायला, त्याचं भलं होवो.

सम्राट: मग सुरुवात कशी करणार?

मच्छिंद्रबुवा: सोपान गेल्यापसनं पखवाज खुंटीला हाय, तो उतरवीन. डाव्या अंगाला कनीक थापल्याबिगर बोलत न्हाई तो, आन् ती कनीक कायम तिनंच मळल्याली. मळताना दुसरीकडं ध्यान नसतं तिचं, निस्ता कान उघडा असतो.

यशोधरा: आणि तेव्हा...

मच्छिंद्रबुवा: तिला कनीक मळू दे. टेप मी लावीन.